पुढचा-मागचा डॅशकॅम: एर्टिगाला कुठला घ्यावा, वायर कुठून न्यावी?

खानापूर_एर्टिगा

नमस्कार मंडळी. गाडी एर्टिगा पेट्रोल, स्मार्ट हायब्रिड, सहा एअरबॅगची, अजून वॉरंटीत. धाव मुख्यतः खानापूर–बेळगाव, अधूनमधून निपाणीवरून कोल्हापूर, आणि जांबोटी–कणकुंबी–चोर्ला करून गोवा. रात्री गाडी गल्लीतच लागते. शेजारी रिक्षा, टेम्पो, सगळे एकमेकांना चिकटून.

पुढे आणि मागे दोन्हीकडे कॅमेरा बसवायचाय. कॅमेरा, कार्ड, वायरिंग सगळं धरून पंधरा हजारांच्या आत. अडलंय ते असं: एक दुकानदार फोर-के घ्या म्हणतोय, दुसरा त्याच पैशात पुढे टू-के आणि मागे फुल एचडी देतोय. गाडी बंद असतानाही रेकॉर्डिंग हवंय, पण सकाळी बॅटरी बसलेली नको. शोरूमवाले म्हणतात वायर कापली की वॉरंटी गेली. आणि मागच्या कॅमेऱ्याची वायर डिकीपर्यंत न्यायची तर ती एअरबॅगच्या वाटेत येणार नाही का?

नुसतं "अमुक कंपनीचा घ्या" नको, का घ्यायचा तेही सांगा.

---

कणकुंबीचा_पाऊस

खोक्यावर काय छापलंय ते सोडा, आत सेन्सर कुठला आहे ते विचारा. दुकानदाराला सांगता येत नसेल तर कंपनीच्या साइटवर असतं. तिथेही नसेल तर तो कॅमेरा सोडून द्या.

फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, सुमारे ८३ लाख ठिपके. सोनीचा आयएमएक्स ३३५ हा ५ मेगापिक्सेलचा सेन्सर. तो घालून वर फोर-के लिहिलं असेल तर चित्र नुसतं ताणलेलं असतं, नंबर प्लेट काही जास्त दिसत नाही. आयएमएक्स ४१५ खरोखर ८ मेगापिक्सेलचा आहे, पण ते ८ मेगापिक्सेल ३३५ एवढ्याच जागेत कोंबलेत. ३३५ चा एक ठिपका २ मायक्रॉनचा, ४१५ चा १.४५ मायक्रॉनचा. म्हणजे प्रत्येक ठिपक्याला प्रकाश कमी. दुपारी ४१५ चांगला, पण खानापूर–जांबोटी रस्त्यावर रात्री दिवे नसतात तिथे ३३५ चं चित्र बऱ्याचदा जास्त स्वच्छ येतं.

पैसे पुरत असतील तर स्टारव्हिस-२ (सोनीची कमी उजेडासाठीची नवी सेन्सर-मालिका) मधला सेन्सर बघा. आयएमएक्स ६७५ पाच मेगापिक्सेलचा, ६७८ आठ मेगापिक्सेलचा. ६७८ आकारानंच मोठा असल्यामुळे त्यात ठिपका २ मायक्रॉनचाच राहतो. ७०माय ए८१० मध्ये पुढे ६७८ आहे, व्हिओफो ए२२९ प्लसमध्ये पुढे-मागे दोन्हीकडे ६७५. तुमच्या बजेटात ३३५ चा खरा टू-के पुढे आणि ३०७ सारखा फुल एचडी मागे, हा जोड वाईट नाही. नावापुरत्या फोर-केपेक्षा तर नक्कीच बरा.

तरी एक गोष्ट मनातून काढून टाका, की रात्री समोरून ऐंशीनं येणाऱ्या गाडीचा नंबर वाचता येईल. कुठल्याच कॅमेऱ्यात तो भरवशानं येत नाही. हेडलाइटच्या झोतात परावर्तक प्लेट पांढरीफटक होते आणि अंधारात शटर जास्त वेळ उघडं राहत असल्यानं अक्षरं फराटतात. एक्सपोजर उणे ०.३ किंवा उणे ०.७ वर ठेवलं तर थोडा फरक पडतो. फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ ठेवा, नाहीतर रस्त्यावरचे एलईडी दिवे लपलपताना दिसतात.

लेन्सचा कोन १४० अंशांच्या आसपास पुरे. १७० अंशांत सगळं मावतं, पण पुढची गाडी काडेपेटीएवढी दिसते.

आतमध्ये लिथियम बॅटरी नको, कपॅसिटर हवा. इथं तुम्ही तडजोड करू नका. एप्रिल-मेमध्ये बंद गाडीच्या काचेला चिकटलेली वस्तू किती तापते ते बेळगावात वेगळं सांगायला नको. त्या उष्णतेनं लिथियम सेल फुगतो, मग कॅमेऱ्याचं आवरण उकलतं आणि तारीख-वेळही दर दोन दिवसांनी पुसली जाते. कपॅसिटर फक्त काही सेकंद वीज धरून ठेवतो. पण वीज अचानक तुटली तर शेवटची फाइल नीट बंद करायला तेवढी पुरते.

कार्डाचा हिशोब: पुढचा कॅमेरा सेकंदाला २५ मेगाबिट आणि मागचा १५ धरला तर एकूण ४०, म्हणजे सेकंदाला ५ मेगाबाइट, तासाला १८ जीबी. १२८ च्या कार्डावर सुमारे सात तास बसतात आणि त्यानंतर जुनं पुसून नवं चढतं. पार्किंगचंही रेकॉर्डिंग ठेवणार असाल तर २५६ घ्या, पण आधी कॅमेरा किती जीबीपर्यंत कार्ड घेतो ते बघा. कार्ड "हाय एन्ड्युरन्स" लिहिलेलंच हवं, यू-३ किंवा व्ही-३० वेगाचं. मोबाइलचं साधं कार्ड सततच्या लिहिण्यानं काही महिन्यांत मरतं, आणि मरताना सांगतही नाही. कॅमेऱ्याचा दिवा लुकलुकत राहतो, आत फाइली शून्य केबीच्या. स्वस्तात मिळालेलं कार्ड आधी कॉम्प्युटरवर एचटूटेस्टडब्ल्यूनं पूर्ण भरून तपासा, बनावट माल खूप आहे. फॉरमॅट मात्र कॅमेऱ्यातच करायचा, महिन्यातून एकदा.

---

शहापूर_वायरमन

वर कॅमेऱ्याचं सांगून झालंय, मी वायरिंगचं सांगतो. काम घरी करायचं असेल तर अर्धा दिवस काढा. आमच्यासारख्याकडे आणलं तर समोर उभं राहून हे करून घ्या की.

वॉरंटीचं आधी. गाडीची मूळ वायर सोलून जोड मारला तर शोरूमवाल्याला बोट दाखवायला जागा मिळते. फ्यूज टॅप (फ्यूजच्या जागी बसून जास्तीची वायर काढून देणारा छोटा जोड) लावला तर एकही वायर कापावी लागत नाही, काढला की गाडी होती तशी. हार्डवायर किट, म्हणजे कॅमेऱ्याला थेट फ्यूजबॉक्समधून वीज देणारा संच, त्या कॅमेऱ्याच्या कंपनीचंच घ्या. त्यातून तीन वायरी येतात: एक कायम करंटची, एक चावीवर येणारी, एक अर्थिंगची. बहुतेक किटमध्ये पिवळी कायम, लाल चावीची, काळी अर्थ. पण रंगावर विश्वास ठेवू नका, वायरीवरची चिठ्ठी वाचा. आणि किटमधली पिवळी वायर म्हणून गाडीतला पिवळा जोड शोधायला जाऊ नका. गाडीत पिवळं वेष्टण किंवा पिवळा कनेक्टर म्हणजे एअरबॅगची लाइन. तिला टेस्ट लॅम्पसुद्धा लावायचा नाही.

फ्यूजबॉक्स स्टिअरिंगच्या खाली, उजव्या बाजूला. झाकणावरचा नकाशा बघा, पण फ्यूज मल्टिमीटरनंच ठरवा. चावी काढून, दारं लावून, लॉक करून दहा-पंधरा मिनिटं थांबा, मग मोजा. तेव्हाही १२ व्होल्ट दाखवतो तो कायमचा. आतल्या दिव्याच्या फ्यूजवर इथंच फसायला होतं. काही गाड्यांत त्याचा करंट थोड्या वेळानं आपोआप तुटतो, आणि मग "पार्किंग मोड अर्ध्या तासात बंद पडतो" म्हणून लोक कॅमेरा बदलायला जातात. हॅझर्ड किंवा सेंट्रल लॉकचा फ्यूज सहसा बरा. चावीवरच्यासाठी सिगारेट सॉकेटचा. एअरबॅग, एबीएस, इंजिन कंट्रोल, स्टिअरिंग यांच्या फ्यूजांना हात लावू नका.

फ्यूजचा आकार बघून टॅप आणा. मिनी आणि लो-प्रोफाइल मिनी दिसायला भाऊ-भाऊ, पण एकाचा टॅप दुसऱ्याच्या खाचेत ठोकून बसवला की खाच फाकते आणि पुढं मूळ फ्यूजही सैल बसतो. टॅपमध्ये दोन खाचा असतात. पायांजवळच्या खाचेत गाडीचा मूळ फ्यूज, वरच्यात कॅमेऱ्याचा २ किंवा ३ अँपिअरचा.

टॅपला उलट-सुलट बाजू असते, हे कुणी सांगत नाही. उलटा घातला तरी कॅमेरा चालतो, पण त्याचा करंट आधी गाडीच्या मूळ फ्यूजमधून जातो आणि त्या फ्यूजवर दोघांचा भार पडतो. तपासायची रीत सोपी: मूळ फ्यूज काढून ठेवा, टॅपमध्ये फक्त कॅमेऱ्याचा फ्यूज ठेवून टॅप बसवा. कॅमेऱ्याच्या वायरीला करंट आला तर बाजू बरोबर. नाही आला तर टॅप फिरवून घाला.

अर्थिंग रंग नसलेल्या बोल्टला, थिंबल दाबून. प्लास्टिकचं पॅनेल धरणाऱ्या स्क्रूला लावू नका, तो पत्र्यापर्यंत पोचलेला असतोच असं नाही. बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावरही थेट नको. आयडल स्टार्ट-स्टॉपच्या (सिग्नलला इंजिन आपोआप बंद होणाऱ्या) गाडीत तिथं करंट मोजणारा सेन्सर असतो. अर्थ त्याच्या अलीकडे जोडली की कॅमेऱ्यानं खाल्लेला करंट गाडीला कळतच नाही. हायब्रिडची छोटी लिथियम बॅटरी आहे, तिच्या वायरिंगकडे तर फिरकायचंच नाही. किटचा डबा पॅडलच्या वर लोंबकळता ठेवू नका, झिप टायनं डॅशच्या आतल्या हार्नेसला आवळा.

आता मागची वायर. छताच्या कडेनं, दारांच्या वरून ओढायची ही दुकानांची सवय, कारण वीस मिनिटांत काम होतं. पण तुमच्या गाडीत कर्टन एअरबॅग तिथंच घडी घालून ठेवलेली असते, पुढच्या पिलरपासून (काचेशेजारच्या खांबापासून) छताच्या कडेनं मागं. वायर बॅगेच्या आणि कापडाच्या मध्ये आली तर बॅग उघडताना वायरीला घेऊन उघडते. म्हणून खालून न्या. कॅमेऱ्यापासून छताच्या पुढच्या कडेत बोटानं दाबत डाव्या पिलरपर्यंत. पिलरचं पॅनेल काढू नका. दाराचं रबरी बीडिंग थोडं सोडवून त्याच्या खाचेतून वायर खाली आणा. मग पायरीच्या पट्टीखालून मागं, तिसऱ्या सीटच्या कडेनं वर. वाटेत एसआरएस एअरबॅग असा टॅग असलेलं पॅनेल आलं तर ते उघडायचं नाही, पुन्हा बीडिंगचीच खाच धरायची. छताला मागचा एसी आहे, त्याच्या डक्टच्या नादाला लागू नका.

यात एक गोम आहे. खोक्यात मागची वायर साधारण साडेपाच-सहा मीटरची येते. छतानं ती कशीबशी पुरते, खालून नेल्यावर अडीचेक मीटर जास्त लागते. त्यामुळे काम काढायच्या आधीच कंपनीची आठ-नऊ मीटरची वायर मागवा. मध्ये जोड मारू नका. त्यातून चित्राचा सिग्नल जातो, जोड सैल झाला की पडद्यावर रेघा येतात किंवा मागचं चित्र मध्येच जातं.

डिकीच्या दारात वायर रबरी नळीतूनच न्यायची, बिजागरीशेजारी असते ती. दोन्ही टोकं सोडवा, आत सिलिकॉन स्प्रे मारा, पडद्याची स्प्रिंग आत ढकला, वायरीचं टोक तिला टेपनं बांधून ओढा. ग्रीस किंवा ऑइल नको, रबर फुगतं. दार पूर्ण उघडून बघा, वायर ताणली जात असेल तर आत अजून ढील द्या. आणि नळीचं टोक परत खाचेत बसल्याशिवाय सोडू नका. तेवढ्या फटीतून तुमच्या खानापूरच्या पावसात डिकीचा गालिचा भिजतो, वास यायला लागल्यावर कळतं.

---

खानापूर_एर्टिगा

वायरमन मामा, असं कुणी सांगितलंच नव्हतं. आठ मीटरची वायर शोधतो. बॅटरीचं राहिलं. बॅटरी किती व्होल्टवर उतरली की कॅमेरा बंद करायचा (कटऑफ), त्याचे किटवर ११.८, १२.०, १२.२, १२.४ असे चार पर्याय दिसतात. दुकानदार ११.८ ठेवा म्हणतो, जास्त वेळ रेकॉर्ड होईल म्हणे. आणि "टाइमलॅप्स लावा, करंट वाचतो" हे खरं का?

---

शहापूर_वायरमन

११.८ म्हणजे बॅटरी जवळजवळ रिकामी. भरलेली लेड-ॲसिड बॅटरी गाडी बंद ठेवून काही तासांनी मोजली तर १२.६ ते १२.७ दाखवते. १२.२ म्हणजे अर्धी. रोज अर्ध्याखाली उतरवली की प्लेटांवर सल्फेट धरतो आणि बॅटरीचं आयुष्य कमी होतं. नवी असेल तर १२.२, जुनी असेल तर १२.४ ठेवा. पावसाळ्यात वायपर, डिफॉगर, दिवे सगळं एकदम चालतं आणि खानापूर–बेळगाव एवढ्याशा पल्ल्यात बॅटरी पुरती भरत नाही, तेव्हा १२.४ च.

दोन कॅमेरे मिळून साधारण ४ वॉट खातात. १२ व्होल्टला ०.३३ अँपिअर. रात्रीच्या दहा तासांत सव्वातीन अँपिअर-तास गेले. ३५ अँपिअर-तासाच्या धडधाकट बॅटरीला ते जड नाही. गाडी चार दिवस हलणार नसेल तर मात्र किट काढून ठेवा.

टाइमलॅप्सनं कार्डाची जागा वाचते, करंट फारसा नाही. सेकंदाला एकच चित्र ठेवलं तरी सेन्सर आणि प्रोसेसर जागेच असतात. करंट खरा वाचतो तो झोपून राहणाऱ्या मोडमध्ये, धक्का बसल्यावर जागा होणाऱ्या. पण त्याला उठून रेकॉर्डिंग सुरू करायला काही सेकंद लागतात. तोवर रिक्षावाला आरसा मोडून पुढच्या वळणाला.

लाल आणि पिवळी अदलाबदल झाली का हेही बघून घ्या. दोन्ही कायमच्या फ्यूजवर गेल्या तर कॅमेऱ्याला गाडी बंद झाल्याचं कळत नाही, पार्किंग मोड येतच नाही आणि रात्रभर पूर्ण रेकॉर्डिंग चालतं. पिवळी चावीवर गेली तर चावी काढल्याबरोबर कॅमेरा मरतो.

---

निपाणी_तवंदी

गल्लीसाठी पार्किंग मोड ठेवावा याबद्दल वाद नाही. पण माझ्या मते पाच हजारांच्या कॅमेऱ्यात त्याचा हट्ट धरू नये. अशा कॅमेऱ्यांत धक्क्याच्या *आधीचे* सेकंद जपणारी बफर सोय नसते, मग टक्कर झाल्यानंतरचं शांत चित्र मिळतं. "बफर्ड पार्किंग" लिहिलंय का ते बघा.

जीपीएसवर मात्र पैसे घाला. कोगनोळी टोल आपल्याकडे कर्नाटकात, कागल महाराष्ट्रात. त्या पट्ट्यात काही झालं की हद्द कुणाची यावर आधी घोळ सुरू होतो. व्हिडिओवर अक्षांश-रेखांश असले तर जागेचा वाद उरत नाही. गुन्हा हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ तसं सांगतं, पण तपास शेवटी हद्दीतच जातो. जीपीएसमुळे कॅमेऱ्याचं घड्याळही आपोआप बरोबर राहतं. टाइम झोन अधिक ५:३० ठेवला आहे ना बघा. काही कॅमेऱ्यांत अर्धा तास निवडताच येत नाही आणि सगळे व्हिडिओ तीस मिनिटं चुकतात. असा कॅमेरा परत करा.

वेगाचा शिक्का ठेवायचा की नाही हे आपलं आपण ठरवा. हत्तरगीच्या पुढं मोकळ्या रस्त्यावर तुमची गाडी मर्यादेपेक्षा जोरात असेल तर तोच शिक्का समोरच्या वकिलाच्या कामाला येतो.

धक्का ओळखणारा जी-सेन्सर "लो" वर ठेवा. "हाय" वर ठेवून रामनगरचा किंवा चोर्ल्याचा रस्ता धरलात की प्रत्येक खड्डा अपघात ठरतो. तेवढी फाइल लॉक होते, लॉक फाइली लूपमध्ये पुसल्या जात नाहीत, आणि चार दिवसांत "कार्ड फुल". कॅमेरा बिघडला म्हणून येणाऱ्या तक्रारींत हे कारण फार वेळा निघतं. लूप, म्हणजे एकेका फाइलची लांबी, एक किंवा तीन मिनिटांचा ठेवा.

अपघात झाला तर आधी माणसं बघा, मग कॅमेरा बंद करा. गाडी चालू राहिली तर तो लिहीतच राहतो, आणि धक्का हलका असेल, फाइल लॉक झाली नसेल, तर काही तासांत ती पुसली जाते. मूळ कार्ड काढून पाकिटात ठेवा, कॅमेऱ्यात दुसरं घाला. व्हॉट्सॲपवर पाठवलेली प्रत पुरावा म्हणून धरू नका. ती दाबली जाते आणि फाइलची मूळ माहिती निघून जाते. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर प्रमाणपत्र लागतं, भाग 'अ' आपण भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञानं, आणि दोन्हींत फाइलचं हॅश मूल्य (फाइलवरून गणितानं काढलेला, तिच्या ओळखीचा आकडा). फाइल नंतर एका सेकंदानं जरी कापली तरी हॅश बदलतं. म्हणून कापाकापी करायची ती प्रतीवर, मूळ फाइल जशीच्या तशी.

आणि एक: बेळगावच्या कॅम्पात (लष्करी छावणीत) किंवा सांबऱ्याच्या हवाई दलाच्या बाजूला जिथं फोटो काढायला मनाई अशी पाटी आहे, तिथं गाडी लावताना पार्किंग मोड बंद ठेवा. भाड्यानं माणसं नेत असाल तर माइकही बंद.

---

संकेश्वर_ऊसवाला

मंडळी, धाग्यात घुसतोय. आमची बोलेरो आहे आणि एक ट्रक. हंगामात रात्रीची ऊसवाहतूक, ट्रॉल्यांना मागं दिवा ना परावर्तक. मागच्या कॅमेऱ्याचं कसं करायचं? बोलेरोची स्टेपनी मागच्या दारालाच हाय.

---

शहापूर_वायरमन

बोलेरोत स्टेपनीमुळे काचेच्या खालच्या भागातून काही दिसत नाही. कॅमेरा काचेच्या अगदी वरच्या कडेला घ्या आणि लेन्स थोडी खाली वळवा, स्टेपनीचा वरचा गोल चित्राच्या तळाला दिसला तरी चालेल. दार बाजूला उघडतं, म्हणून वायर बिजागरीच्या बाजूनं न्यायची. कुलपाच्या बाजूनं नेली तर दर वेळी दारात चेमटते.

ट्रक २४ व्होल्टचा. किटवर १२–२४ व्होल्ट लिहिलेलं असेल तरच लावा. काही किट दोन बॅटऱ्या ओळखून कटऑफ आपोआप दुप्पट करतात, काहींत बटण फिरवावं लागतं. दोन बॅटऱ्यांच्या मधून १२ व्होल्ट काढायचे नाहीत. त्यानं एकच बॅटरी उतरत जाते, दुसरी जास्त चार्ज होते, आणि वर्षभरात दोन्ही जातात. ट्रकला मागचा कॅमेरा बाहेर बसणार, तेव्हा आयपी-६७ चा (धूळ-पाणी आत न जाणारा) घ्या आणि वायर चॅसिसवरून नेताना फ्लेक्सिबल पाइपात घाला. सायलेन्सरपासून हातभर लांब. जोड बाहेर असेल तर आधी खाली झोल देऊन मग वर न्या, म्हणजे पाणी झोलावरून गळतं, जोडात जात नाही. साखर कारखान्याच्या आवारात मळीचा चिकटा बसतो लेन्सवर, तो ओल्या फडक्यानंच पुसा. कोरडं घासलं तर ओरखडे पडतात.

---

कणकुंबीचा_पाऊस

ऊसवाले अण्णा, विनादिव्याची ट्रॉली कॅमेऱ्यात दिसते ती तुमच्या हेडलाइटच्या उजेडात, त्याआधी नाही. काच आतून-बाहेरून स्वच्छ ठेवा. त्यानं सेन्सरच्या नंबरापेक्षा जास्त फरक पडतो.

एर्टिगावाल्यांसाठी, बसवण्याच्या जागेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून. पुढचा कॅमेरा आतल्या आरशाच्या मागं, किंचित डावीकडं, वायपर पोचतो त्या भागात. काचेच्या काळ्या ठिपक्यांच्या पट्टीवर चिकटवू नका. तिथं टेप पूर्ण टेकत नाही आणि उन्हाळ्यात कॅमेरा मांडीवर येतो. फास्टॅगवर किंवा त्याला खेटून नको. आधी आयसोप्रोपिल अल्कोहोलनं काच पुसा. पावसाळ्यात काचेवर दव असतं, एसी चालवून काच कोरडी करा. टेप अर्धा मिनिट जोरात दाबा आणि जमल्यास कॅमेरा दुसऱ्या दिवशी अडकवा. कॅमेऱ्याबरोबर प्लास्टिकची पारदर्शक पट्टी येते, आधी ती लावून तिच्यावर टेप लावला तर पुढं काढणं सोपं जातं.

मागच्या काचेला हे जास्तच लागू, कारण तिथं डिफॉगरच्या रेघा असतात. दोन रेघांच्या मध्ये चिकटवा. रेघेवर चिकटवून नंतर ओढून काढलंत तर रेघ टेपबरोबर निघते आणि तेवढा पट्टा कायमचा धुकट राहतो. काढायचाच झाला तर हेअर ड्रायरनं टेप गरम करा आणि जाड दोरा मागून घासत न्या.

डॅशबोर्डावर पांढरा टॉवेल किंवा चकाकणारी मूर्ती असेल तर दिवसा तिचं प्रतिबिंब सगळ्या व्हिडिओभर दिसतं. सीपीएल फिल्टरनं (लेन्सवर लावायची, चकाकी अडवणारी काच) ते जातं, पण तो फिल्टर प्रकाश निम्म्याहूनही कमी करतो, रात्री चित्र काळवंडतं. रात्रीची धाव जास्त असेल तर फिल्टर नको, टॉवेल काढा.

---

खानापूर_एर्टिगा

काल सॉकेटवर तात्पुरता लावून बघितला. दोन अडचणी. एफएमला खरखर येते, कॅमेऱ्याचा प्लग काढला की थांबते. आणि मागच्या गाड्यांचे नंबर उलटे दिसतात, आरशात दिसावेत तसे.

---

शहापूर_वायरमन

खरखर सॉकेटमधल्या चार्जरची. १२ चे ५ व्होल्ट करणारं सर्किट नीट झाकलेलं नसलं की ते एफएमच्या पट्ट्यात आवाज सोडतं. कॅमेऱ्याबरोबर आलेलाच चार्जर वापरा, दुसरा नको. हार्डवायर केल्यावरही राहिली तर किटच्या डब्यापासून बोटभर अंतरावर वायरीला फेराइटचा क्लिप-मणी लावा, वायर त्यातून दोनदा फिरवून. आणि वायर अँटेनाच्या केबलला समांतर जात असेल तर लांब घ्या. तोच आवाज जास्त असला की जीपीएसही उशिरा पकडतं. चोर्ल्याच्या झाडीत जीपीएस तुटणं वेगळं, त्याला इलाज नाही.

नंबर उलटे म्हणजे मागच्या कॅमेऱ्याचं "मिरर" चालू आहे. मेनूत रिअर कॅमेऱ्याखाली ते बंद करा. चित्र डोक्यावर उभं असेल तर त्याला "रोटेट १८०" वेगळं असतं. कॅमेरा काचेला वरून लटकवला की खालून उभा केला, त्यावर ते ठरतं. दोन्ही एकदम बदलू नका, एकेक करून मागं उभ्या असलेल्या गाडीची केए-२२ वाली पाटी सरळ वाचता येते का ते बघा. पडद्यावर बघून भागत नाही. एक फाइल मोबाइलवर उतरवून तिथं बघा. काही मॉडेलांत पडद्यावर सरळ दिसतं आणि फाइल उलटीच पडते.